हवेतून गेलेलं मशीन

मशीन हलवायचं ठरलं त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की गल्लीच्या या टोकाला उभं राहिलं तर ते टोक दिसेना. थोरली दारात उभी राहून हात चोळत होती. तिला वाटलं, आज काही हे काम व्हायचं नाही. आणि असं वाटलं म्हणून तिला मनातून जरा बरंही वाटलं, मग बरं वाटल्याची लाजही वाटली. कारण हलवायचा हट्ट तिचाच होता.

तिला सगळे थोरलीच म्हणत. धाकटी लग्न होऊन कधीच लांब गेली, घरात तिच्याहून धाकटं कुणी उरलं नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. बापाच्या हाताखाली ती लेथवर, लोखंड कातायच्या या मशीनवर, उभी राहिली तेव्हा तिचं डोकं जेमतेम चाकाला लागत होतं. आता बापाच्या डोळ्यांतला उजेड पार गेला होता आणि वर्कशॉप तीच चालवत होती. पंपांचे दांडे, गिरण्यांचे रूळ, होड्यांच्या पंख्यांचे शाफ्ट, जे येईल ते. लांबून लोक यायचे, कारण एवढं लांब लेथ आसपास दुसरीकडे नव्हतं. उंच माणूस त्यावर आडवा झोपला असता तरी त्याच्यासारखा आणखी एक मावला असता.

वर्कशॉप खाली आणि राहायच्या खोल्या वर. मशीन सुरू झालं की वरच्या फळीवरचे कप एकमेकांना हळूच लागायचे, पाण्याच्या घागरीत गोल गोल लाटा उठायच्या. घरातल्या सगळ्यांना त्या थरथरीची इतकी सवय होती की मशीन बंद पडलं की जाग यायची. पण शेजारच्यांच्या भिंतीला तडे जायला लागले, जिन्याचा एक दगड निसटला, आणि थोरलीने गावाबाहेर कालव्याच्या काठी एक शेड घेतली. बाबांना सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुपारी दुपारी मात्र भिंत धरून खाली यायचे आणि मशीनच्या पाठीवर तळवा टेकून बसायचे.

आई तेवढी बोलायची. घरात मशीनला सगळे "ती"च म्हणत, म्हणून आईला चेष्टेला आयता विषय मिळायचा.

"सवत निघाली एकदाची," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं म्हणजे ती माझ्या आधीपासून आहे या घरात. सवत मीच."

धुक्यातून चार माणसं आली. सगळ्यांत पुढे एक बारकेला, पिकल्या मिशांचा माणूस, खांद्यावर पट्ट्यांचं भेंडोळं टाकलेला. हा मुकादम. अवजड यंत्रं हलवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि लोखंड पिसासारखं उचलायचं हे त्याचं बोलणं ऐकून ऐकून त्याची माणसं त्याला पिसामामा म्हणत. तो आत आला, बाबांना नमस्कार केला, आणि मग कितीतरी वेळ त्याने काहीच केलं नाही. मशीनभोवती फिरला. खाली वाकला. कडांवरून बोट फिरवलं. दाराची रुंदी मोजली, उंबरा मोजला, पुन्हा मशीन मोजलं.

"शिंप्यासारखी मापं घेतोय," आई जिन्यावरून कुजबुजली. "झबलं शिवायचंय की काय तिला?"

पिसामामाला ते ऐकू गेलं. मिशीत हसला. मग बाबांना म्हणाला, "काका, हिचं वजन कुणीकडे जास्त?"

"डावीकडे," बाबा म्हणाले. "डोकं तिकडे आहे तिचं. मोटर, गिअर, सगळं तिकडेच."

"मग उजवीकडे काहीतरी द्यायला लागेल."

थोरलीने मधला सरकता भाग पार उजवीकडे नेला आणि वाटेत घसरू नये म्हणून आवळून टाकला. तेल काढलं. कातायचा तुकडा पकडणारा चक उतरवून गोणपाटात गुंडाळला. वायरी सोडल्या. पायाचे बोल्ट सुटताना असे किंचाळले की बाबांनी मान वळवली.

सगळी तयारी झाल्यावर पिसामामाने सगळ्यांना जवळ बोलावलं. आईलासुद्धा.

"काम चालू असताना बोलणार मी एकटा," तो म्हणाला. "क्रेनवाला माझ्या हाताकडे बघतो, दुसऱ्या कुणाकडे नाही. पण 'थांबा' कुणीही म्हणायचं. उगाच म्हटलं तरी चालेल, मी रागावणार नाही. आणि एक. तोल गेला, पडतंय असं वाटलं, तर धरायला जायचं नाही. माणसाचा हात आपोआप जातो, कप पडताना जातो तसा. तो हात आवरायचा. लोखंड पडू दे. पडलं तर मी परत उभं करीन."

आईनेच मग विचारलं, "चहा कधी ठेवू?"

काम सुरू झालं आणि थोरलीला वाटलं, आपण जागे आहोत की नाही. इतक्या संथपणे कुणी काम करताना तिने पाहिलं नव्हतं. एका कोपऱ्याखाली जॅक लागला, मशीन बोटभर वर आलं, लगेच त्याखाली लाकडी ठोकळा सरकला. हाताने नाही, काठीने ढकलून. मग दुसरा कोपरा. पुन्हा बोटभर. पुन्हा ठोकळा. मशीन जमिनीतून उगवत असल्यासारखं वर येत होतं. मग खाली लोखंडी पाईप आडवे घातले, ठोकळे एकेक करून काढले, मशीन पाईपांवर बसलं. मागून पहारी लागल्या, आणि जे कधी तसूभरही हललं नव्हतं ते दाराच्या दिशेने चालायला लागलं. मागे सुटलेला पाईप एक गडी उचलायचा, पुढे आणून घालायचा. पाईप गडगडण्याचा आवाज खोल होता, दुसऱ्या गावातून आल्यासारखा. धुकं दारातून आत आलं होतं. मशीनचं डोकं आधी त्यात शिरलं, मग बाकीचं.

मागे जमिनीवर एक लांबट फिकट चौकोन उरला. बाकीची जमीन तेलाने काळी, आणि हा तुकडा नव्या घरातला असावा तसा. आईने खाली येऊन त्याच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातला झाडू घेऊन तो झाडायला लागली, तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं तरी.

"तू चल ना," थोरली म्हणाली.

"मी कशाला? जा तुम्ही. बापाचा हात सोडू नकोस."

गल्लीच्या तोंडाशी क्रेन आणि बुटका लांब ट्रक उभा होता. पट्टे मशीनखालून घेतले, जिथे धार होती तिथे जुन्या टायरचे तुकडे दिले. पिसामामाने तळहात वर केला, मशीन वीतभर उचललं गेलं, आणि त्याने मूठ बंद केली. सगळं थांबलं. मशीन हवेत, वीतभर, आणि सगळे बघत उभे. डावी बाजू जरा खाली होती. त्याने ते परत ठेवायला लावलं, पट्टा दोन बोटं सरकवला, पुन्हा उचललं. आता ते तळ्यातल्या पाण्यासारखं सपाट राहिलं. मग कुठे ट्रकवर चढलं आणि चारी बाजूंनी साखळ्यांनी आवळलं गेलं.

बाबा आणि थोरली ट्रकच्या केबिनमध्ये बसले. ट्रक माणसाच्या चालीने निघाला. पिसामामा पुढे पायी चालत होता, एक गडी हातात लांब काठी घेऊन खाली लोंबलेल्या तारा वर उचलत होता.

"काय काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"धुकं. मामांची पाठ."

"आणखी?"

थोरलीने खिडकीतून मान बाहेर काढली. "एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालतेय. थांबली. हातात सदरा तसाच. एक न्हावी वस्तरा घेऊन दारात आलाय, आतलं गिऱ्हाईक साबण लावलेलं तसंच त्याच्या मागे आलंय."

बाबा हसले. "लोक बघतायत म्हणजे."

"सगळे बघतायत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि सदऱ्याची कॉलर नीट करून ताठ बसले.

रस्ता संपेचना. दुकानं, शाळेची भिंत, पाण्याची टाकी, सगळं धुक्यातून हळूच पुढे यायचं, जरा वेळ बाजूने चालायचं आणि मागे विरून जायचं. थोरली या रस्त्याने रोज जायची, पण आज एकेक खिडकी तिला पहिल्यांदा दिसत होती. मागे आरशात मशीन दिसत होतं, साखळ्यांत शांत बसलेलं, अंगावर दंवाचे थेंब. तिच्या मनात आलं, हे आपल्यामागून येत नाहीये, हे आपल्याला घेऊन चाललंय. डोळे मिटायला लागले तिचे. बाबा मात्र टक्क जागे होते.

कालव्यावर पोहोचेपर्यंत धुकं विरळ झालं होतं. शेड नवी होती, भिंती उभ्या होत्या, पण पुढच्या अर्ध्या भागावर पत्रे मुद्दाम घातले नव्हते. मशीन वरून उचलून थेट आत, काँक्रीटच्या पायावर उतरवायचं असं पिसामामाने आधीच सांगून ठेवलं होतं. अंगणाच्या पार कडेला, झाडाखाली, थोरलीने बाबांसाठी खुर्ची मांडली.

"इथून उठायचं नाही," ती म्हणाली.

"कुठे जाणार मी?" बाबा म्हणाले.

क्रेनने पाय पसरले, पायांखाली जाड फळ्या दिल्या. मशीन उचललं गेलं. वीतभर, थांबलं. मग वर, आणखी वर, भिंतीच्या उंचीच्या पलीकडे. थोरली ट्रकच्या कडेला उभी होती. मान वर करून ती बघत राहिली आणि तिचं तोंड उघडं पडलं. जन्मभर ज्याला तिने समोरून पाहिलं, त्याचा तळ तिला आज दिसत होता. मागे फिकट आभाळ होतं. एवढं लोखंड, आणि ते कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखं तिथे वर राहिलं होतं. वारा आला. ताणलेले पट्टे वाऱ्यात थरथरले आणि त्यातून एक लांब, खालच्या पट्टीतला सूर निघायला लागला, कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. तिला वाटलं, असंच उभं राहावं, दुपार होऊ नये.

तिची नजर खाली आली ती सहज. झाडाखालची खुर्ची रिकामी होती.

बाबा अंगणाच्या मध्यात पोहोचले होते. चेहरा वर, एक हात पुढे, तळवा उघडा. घरात भिंतीच्या आधाराशिवाय एक पाऊल न टाकणारा माणूस सरळ रेषेत चालला होता, न अडखळता. त्या सुराकडे. मशीन आता ज्या जागेवरून पुढे जाणार होतं, तिथेच.

"थांबा!" थोरली ओरडली.

पिसामामाची पाठ बाबांकडे होती, पण त्याची मूठ तिच्या शब्दाबरोबर मिटली. क्रेन थांबली. मशीन मात्र वर मंदपणे झुलत राहिलं. आणि बाबाही थांबले नाहीत.

"बाबा! बाबा, मागे या!"

सगळं आयुष्य मशीनच्या आवाजाशेजारी काढून बाबांचे कान माणसाच्या बोलण्याला केव्हाच निकामी झाले होते. समोर बसून बोललं तर कळायचं, लांबची हाक नाही. थोरलीचा पाय पुढे पडला. पिसामामाने वळून पाहिलं, आणि तिच्याकडे दुसरा तळवा असा धरला की तिचा पाय तिथेच रुतला. दोघं मशीनखाली, एवढंच झालं असतं.

माणसाची हाक बाबांना पोहोचत नसे, पण लोखंडाची पोहोचायची. वर्कशॉप भरात असताना आई जेवायला हाक मारायची ती तोंडाने नाहीच. वरच्या मजल्यावरून खाली गेलेल्या पाण्याच्या पाईपवर ती उलथनं आपटायची. दोन ठोके, मग जरा थांबून एक. कितीही गोंगाट असो, बाबा चाकावरचा हात काढायचे.

थोरलीच्या खिशात पाना होता. तिने तो ट्रकच्या लोखंडी कठड्यावर मारला. दोन. आणि एक. घाईत मारला, म्हणून पहिल्यांदा तो ठेका तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिने श्वास घेतला. पुन्हा मारला. दोन. आणि एक.

बाबा थांबले.

वर तो सूर चालूच होता. त्यांनी चेहरा जरा कलता केला, दोन्हीकडचं ऐकत असल्यासारखा. पुढे केलेला हात तसाच होता. थोरलीने पुन्हा ठोके दिले, घाई न करता, आई देते तसे, भाजी गार होतेय पण मी काही रागावलेली नाही अशा बेताने.

बाबांनी हात खाली घेतला. वळले. आणि कामावरून उठून जेवायला यावं तसे त्या आवाजाच्या रोखाने चालत आले, दोन्ही हात सदऱ्याला पुसत. थोरलीने त्यांचं मनगट धरलं.

"इतक्यात वेळ झाली जेवायची?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्या छातीवर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली.

पिसामामाने मशीन अंगणातच ठोकळ्यांवर उतरवायला लावलं. क्रेन बंद केली. मग येऊन खुर्चीत परत बसवलेल्या बाबांच्या समोर, अगदी जवळ, उकिडवा बसला. त्याचाही चेहरा उतरला होता, मिशीचं टोक चावत होता तो.

"काका, कुठे निघाला होतात?"

"ती गुणगुणत होती," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं तिचे सगळे आवाज ऐकले मी. काही दुखलं तरी कळायचं. पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. वाटलं, हात लावून बघावं. एवढंच."

थोरलीला वाटलं, आता हा माणूस बाबांना चार शब्द सुनावणार. हक्क होता त्याचा. पण पिसामामा आणखी जवळ सरकला.

"मीही ऐकतो तो," तो म्हणाला. "प्रत्येकाचा वेगळा असतो. आमच्यात कुणी बोलत नाही त्याबद्दल. लोक म्हणतील, म्हातारा भ्रमला."

"मग मी काही भ्रमलो नाही ना?"

"नाही, काका. पण हात लावू देणार नाही मी. वर असताना तर माझ्या बापालाही नाही." तो उठला. "दुसरं काहीतरी देतो."

मशीनच्या उजव्या टोकाला एक लांब दोरी बांधलेली होती, हवेत गेल्यावर ते गरकन फिरू नये म्हणून लांबून धरायची. आतापर्यंत ती एका गड्याच्या हातात होती. पिसामामाने ती आणून बाबांच्या हातात दिली. थोरलीला त्यांच्या मागे उभं केलं, दोरीचं मागचं, सुटं टोक तिच्या हातात.

"ओढायची नाही. हाताला गुंडाळायची नाही. नुसती धरायची. ती इकडे तिकडे जायला लागली की तुम्हाला कळेलच, मग तिला जरा समजवायचं. ताई सांगेल तेव्हा पाय हलवायचे. आणि सोड म्हटलं की सोडायची."

क्रेन पुन्हा सुरू झाली. दोरी जमिनीवरून उठली, तिचा पोट सुटलेला भाग सरळ झाला आणि बाबांच्या मुठीत ताण आला. थोरलीने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मशीन वर जात होतं. वारा आला, सूर सुरू झाला. बाबांचे ओठ विलग झाले.

"अगं," ते म्हणाले. "येतोय की हातात."

"काय?"

"आवाज. दोरीतून येतोय."

थोरलीने मूठ जरा सैल केली, पुन्हा आवळली. खरंच होतं. दोरी अगदी बारीक थरथरत होती, घरातल्या घागरीत पाणी थरथरायचं तशी. मशीन भिंतीवरून पलीकडे निघालं, त्याचं टोक किंचित वळायला लागलं, आणि थोरलीने सांगण्याआधीच बाबांनी मनगटाने दोरी एवढीशी मागे घेतली. टोक पुन्हा सरळ झालं.

"हलकी आहे गं," बाबा म्हणाले. "मला वाटायचं ही केवढी जड. पतंगासारखी आहे."

पिसामामाचा हात हवेत खाली खाली येत होता, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसा. मशीन शेडच्या भिंतींआड उतरलं. आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ. दोरी सैल पडली. बाबा ती धरूनच उभे होते. "सोडा आता," थोरली म्हणाली, तेव्हा त्यांनी ती खाली टाकली नाही, हळूच तिच्या हातात दिली.

मग पाणसळ ठेवून मशीन समतल करण्यात दुपार गेली. पायांखाली पत्र्याच्या बारीक पट्ट्या सरकवायच्या, बुडबुडा बघायचा, पुन्हा एक पट्टी काढायची. बाबा आत आले, एकदा डोक्यापासून टोकापर्यंत हात फिरवून गेले, आणि समाधानाने काहीतरी पुटपुटले. ते कुणाला नीट ऐकू आलं नाही आणि कुणी पुन्हा विचारलंही नाही.

उन्हं कलली तेव्हा माणसं सामान आवरायला लागली. जॅक गेले, पाईप गेले, ठोकळे गेले. पट्टे तेवढे राहिले, कारण भिंतीशी रचलेल्या त्या भेंडोळ्यावर डोकं टेकून बाबा गाढ झोपले होते. एक गडी त्यांना उठवायला वाकला. पिसामामाने त्याला मागे ओढलं.

"मामा, उशीर होईल तुम्हाला," थोरली म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. त्याने क्रेनवाल्याला खूण केली, इंजिन बंद झालं, आणि सगळे दाराशी ओळीने बसले. कालव्याचं पाणी वाहत होतं. थोरलीने घरी फोन लावला आणि हळू आवाजात आईला सांगितलं की मशीन पोचलं, सगळं नीट आहे, बाबा झोपलेत, यायला वेळ लागेल. अंगणातलं तिने काही सांगितलं नाही. ते समोर बसून सांगायचं होतं.

"उठवू नकोस त्याला," आई म्हणाली. "इथे काय, कपसुद्धा वाजत नाहीयेत. मी फळीवर दोनदा हात आपटून बघितला."